मापाची वही

या वहीत त्रेचाळीस बायकांची मापं आहेत.
छाती, कंबर, दंड, मांडी.
मांडीचं माप मी बावीस वर्षांत पहिल्यांदा घेतलं.
रुक्साना हसून हसून खालीच बसली.
खिल्लारे बाईंनी डोळे मिटून घेतले,
सुई टोचून घेताना मिटतात तसे.

भिंतीपलीकडं नगरपरिषदेचा तलाव.
निळी फरशी, पोलादी शिडी,
सेलूच्या उन्हात नुसता चमकत पडलेला.
गेटवर पाटी : फक्त सभासदांसाठी.
खाली बारीक अक्षरात : योग्य पोशाख सक्तीचा.
सभासद व्हायला सहा हजार रुपये
आणि दोन सभासदांची शिफारस.
आमच्या गल्लीतला एकच माणूस रोज आत जायचा,
प्रल्हाद,
क्लोरीन टाकायला.

आधी तिथं आड होता.
बुजवला तेव्हा मी परकरात होते,
दोन दिवस ट्रॅक्टर मुरूम ओतत होते.
प्रल्हादची आई म्हणते, बरं झालं बुजला,
त्या आडावर आपला पोहरा चालत नव्हता.
अर्जावर पहिला अंगठा तिचा.
शाई तिनं पदराला पुसली नाही,
दिवसभर तशीच मिरवली.

अर्ज सात वेळा दिला.
साहेब म्हणाले, बाई, गावाला आठ दिवसाआड पाणी,
आन् तुम्हाला पोहायचं सुचायलंय?
अनुसया पौळ म्हणाली,
आठ दिवसाआडचं आमचं, साहेब.
मग तळ्यातलं रोजचं कुणाचं?
साहेबांनी पंखा वाढवला.
कागद उडाले. आम्ही गोळा केले,
पुन्हा टेबलावर ठेवले,
वरून त्यांचाच पेपरवेट.

मग एका रात्री प्रल्हादनं
सायकलला बांधून, ताडपत्रीत गुंडाळून,
पंपाच्या खोलीतली जुनी पाटी आणली.
कोळ्याची जाळी पुसली तर खाली अक्षरं :
सर्वांसाठी खुला. प्रवेश फी दहा रुपये.
कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही.
मग खिल्लारे बाई मला म्हणाल्या,
पोशाख म्हणतात ना? शिव.

कापड परभणीहून आणलं,
काळं, ताणलं की ताणणारं, सुईचं न ऐकणारं.
बाह्या मनगटापर्यंत, विजार घोट्यापर्यंत,
रुक्सानाच्या गळ्याला टोपी जोडून.
सगळीकडं दुहेरी टीप घातली,
पाणी कसं ओढतं ते मला माहीत नव्हतं.

चैत्रातल्या एका सोमवारी
त्रेचाळीस जणी गेटसमोर रांगेत उभ्या राहिल्या,
अंगात काळा पोशाख, हातात दहाची नोट.
घोषणा नाही, माईक नाही.
स्कूटरवाले हळू झाले, मग थांबले.
पाटी आम्ही भिंतीला टेकवून ठेवली होती.
तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले,
पाटी वाचली,
चष्मा काढून परत वाचली.

मिळालं ते एवढं :
मंगळवार, दुपारी दोन ते तीन.
फरशीवर पाय ठेवता येत नाही अशी वेळ.
आणि प्रल्हादचं काम गेलं.
ही दोन्ही वाक्यं एकाच पत्रात होती.

पहिल्या मंगळवारी त्याची आई पायरीवर बसली,
लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात.
वाकून तिनं ओंजळ भरली.
नवा पोरगा ओरडला, आजी, पिऊ नका, औषध हाय त्यात!
माहीत हाय, ती म्हणाली,
माझंच लेकरू टाकायचं.
आणि एक घोट घेतला.
तळ्याची गोष्ट आमच्या गल्लीत लेकरांना पाठ असते.
ती कुणी काढली नाही.
पाण्यात अनुसया तेवढी किंचाळत होती,
कुणीतरी तिचा हात सोडला म्हणून.

हे मला त्यांनी सांगितलं.
मी गेले नव्हते.
चव्वेचाळिसाव्या पानावर माझं नाव आहे,
समोरचे रकाने कोरे.
कापड उरलंय अडीच मीटर.
मंगळवारी दोनला आमच्याकडं लाईट जाते,
मशीन आपोआप थांबतं.
तेवढी सबबसुद्धा राहिली नाही.